पहिली सेमी-ऑटोमॅटिक रायफल, हात आखडता ठेवून: रुगर १०/२२ आणि तिच्या स्पर्धक

कमी पैशांत पहिली सेमी-ऑटोमॅटिक रायफल (चाप एकदा ओढला की एक गोळी सुटते आणि पुढचं काडतूस आपोआप भरलं जातं अशी) घ्यायची असेल तर ती .२२ लाँग रायफल काडतुसाची घ्या, आणि त्यातही रुगर कंपनीच्या १०/२२ ची साधी कार्बाइन, म्हणजे आखूड रायफल, घ्या. हिशेब करताना बहुतेकजण फक्त रायफलीची किंमत बघतात आणि तिथेच चुकतात. रायफल एकदाच घेतली जाते, काडतुसं मात्र नेमबाजी चालू आहे तोवर घ्यावी लागतात. मोठ्या काडतुसाची रायफल स्वस्तात मिळाली तरी दोन-चार महिन्यांत काडतुसांचा खर्च तिच्या किमतीला गाठतो. मग चांदमारीवरच्या फेऱ्या कमी होतात आणि रायफल कपाटात पडून राहते. हातात असलेल्या रकमेतली निम्मीच रायफलीवर घालवा. उरलेल्यातला मोठा भाग काडतुसांना द्या. कानांचं आणि डोळ्यांचं संरक्षण, कुलूपबंद पेटी, साफसफाईचं सामान आणि पट्टा हे सगळं बाकीच्यात बसतं.

दुसरं कारण झटक्याचं. .२२ ची गोळी साधारण ४० ग्रेनची, म्हणजे अडीच ग्रॅमहून थोडी जास्त. सव्वादोन किलोच्या रायफलीत तिचा धक्का खांद्याला जेमतेम जाणवतो. नवशिक्याला जडणारी सर्वांत वाईट खोड म्हणजे चाप ओढण्याच्या क्षणी डोळे मिटणं आणि खांदा पुढे ढकलणं. मोठ्या आवाजाच्या रायफलीवर ही खोड पहिल्या शंभर गोळ्यांत लागते आणि सुटायला वर्ष जातं. .२२ वर ती लागण्याची शक्यता कमी, आणि लागलीच तर लगेच दिसून येते.

विकत घेण्याआधी आपल्याकडचा कायदा नीट वाचा, कारण सेमी-ऑटोमॅटिकच्या बाबतीत देशागणिक जमीन-अस्मानाचा फरक आहे. ब्रिटनमध्ये सर्वसामान्य परवानाधारकाला सेमी-ऑटोमॅटिक रायफल हवी असेल तर .२२ रिमफायरपलीकडे (बुडाच्या काठावर पिन आपटून पेटणाऱ्या काडतुसापलीकडे) पर्याय नाही. ऑस्ट्रेलियात १९९६ च्या करारानंतर दहा गोळ्यांपर्यंतची रिमफायर सेमी-ऑटोमॅटिकसुद्धा ‘सी’ वर्गात टाकलेली आहे आणि त्यासाठी वेगळं कारण दाखवावं लागतं. परवाना, मॅगझिनमधल्या गोळ्यांची मर्यादा आणि साठवणुकीचे नियम आधी बघायचे, दुकान नंतर.

१०/२२ आतून कशी आहे

ही रायफल १९६४ साली बाजारात आली आणि तेव्हापासून तिचा मूळ सांगाडा फारसा बदललेला नाही. रिसीव्हर (नळी आणि हलणारे भाग ज्यात बसतात तो मधला भाग) अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा आणि नळी साडेअठरा इंचांची. नळीच्या आत सहा खाचा आहेत आणि त्यांचा पीळ सोळा इंचांत एक वेढा घेतो. नळी रिसीव्हरला आट्यांनी बसवलेली नसते. दोन स्क्रू आणि इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचा एक ठोकळा तिला मागे खेचून धरतो. म्हणून ही नळी एका अॅलन कीने घरच्या टेबलावर बदलता येते, जे बहुतेक रायफलींच्या बाबतीत कारागिराचंच काम असतं.

चालण्याची पद्धत साध्या ब्लोबॅकची. गोळी सुटताना बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता ठोकळा, नळीला कुलूप लावल्यासारखा अडकलेला नसतो. पुंगळी मागे ढकलणारा दाब एका बाजूला आणि बोल्टचं वजन नि स्प्रिंगची ताकद दुसऱ्या बाजूला, एवढाच हिशेब असतो. भाग कमी, म्हणून बिघाडही कमी. मात्र काडतूस ठराविक ताकदीचं लागतं. फार मवाळ काडतुसाने बोल्ट पुरेसा मागे जात नाही आणि पुंगळी अर्धवट बाहेर येऊन अडकते. आवाज कमी व्हावा म्हणून मुद्दाम संथ बनवलेली काडतुसं एकेक भरून मारायच्या रायफलीसाठी असतात. ती इथे वापरून रायफलीला दोष देऊ नका.

खरी करामत मॅगझिनची आहे. .२२ च्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेला काठ असतो. सरळ उभ्या मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाचा काठ खालच्याच्या काठामागे गेला की दोघं एकमेकांत अडकतात आणि काडतूस वर सरकत नाही. रिमफायर सेमी-ऑटोमॅटिकच्या निम्म्या तक्रारी इथून सुरू होतात. १०/२२ च्या दहा गोळ्यांच्या मॅगझिनमध्ये एक चक्र आहे आणि प्रत्येक काडतूस त्याच्या वेगळ्या खोबणीत बसतं. काठाला काठ लागतच नाही. शिवाय काडतूस चेंबरकडे, म्हणजे नळीतल्या त्याच्या जागेकडे, वळवणारे ओठ मॅगझिनमध्येच पोलादाचे आहेत, त्यामुळे ते झिजले तर मॅगझिन बदललं की झालं, रायफलीला हात लावावा लागत नाही. हे मॅगझिन दस्त्यात पूर्ण सामावतं, खाली काहीच लोंबत नाही, आणि हातात धरताना तोल बरोबर मध्ये येतो.

रुगरचंच पंचवीस गोळ्यांचं बीएक्स-२५ ही मिळतं. कायद्यात बसत असेल तर घ्या, पण पहिली तीन मॅगझिनं दहाचीच असू द्या. लांब मॅगझिन बाकावर टेकवून नेम धरताना आडवं येतं, आणि नवशिक्याने दहा गोळ्यांनंतर थांबून फलक बघणंच बरं. इतर कंपन्यांची स्वस्त मॅगझिनं टाळा. त्यांतली काही चांगली असतात, पण अडकणाऱ्या रायफलीत दोष कुठे आहे ते शोधताना एक शंका कमी असलेली बरी.

जे आवडलं नाही

शेवटची गोळी सुटल्यावर बोल्ट उघडा राहत नाही. पुढच्या वेळी चाप ओढला की नुसती टिक ऐकू येते. यामुळे रायफल रिकामी आहे की गोळी पेटली नाही हे आवाजावरून कळत नाही, म्हणून प्रत्येक टिकेला भरलेली रायफल समजूनच वागायचं. बोल्ट हाताने मागे ओढून अडकवण्याची छोटी पट्टी चापाच्या कडीपुढे आहे. ती सुरुवातीला सगळ्यांनाच छळते. बोल्ट पूर्ण मागे ओढून पट्टीचा खालचा भाग दाबायचा म्हणजे तो अडकतो. सोडताना जुन्या मॉडेलांत बोल्ट पुन्हा किंचित मागे ओढून वरचा भाग दाबावा लागतो. पन्नास वेळा रिकाम्या रायफलीवर करून बघा, मग बोटांना सवय होते.

कारखान्यातून येणारा चाप जड आहे, साधारण सहा पौंड, म्हणजे पावणेतीन किलोच्या आसपास. शिकायला चालतो, पण बारीक ग्रुप (फलकावर एकमेकांजवळ पडलेली भोकं) काढायला नाही. रुगरचाच बीएक्स ट्रिगर सुमारे सव्वा किलोवर सुटतो आणि दोन पिना काढून संपूर्ण जुडगाच बदलता येतो. पहिल्या दोन हजार गोळ्या मूळ चापावर मारा, मग ठरवा. चापाचे भाग कानसने घासून हलके करण्याच्या फंदात मात्र अजिबात पडू नका. टेकणारा काठ केसभर जरी गोल झाला तरी रायफल धक्क्याने सुटू शकते किंवा एका चापात दोन गोळ्या जाऊ शकतात.

रिसीव्हर मागून बंद असल्यामुळे साफसफाईचा गज नळीच्या तोंडाकडूनच घालावा लागतो. नळीच्या तोंडाचा अगदी शेवटचा काठ गोळीला निरोप देतो. तो एका बाजूने झिजला की नेम हलतो, आणि असा गज त्यावर घासतो. यावर सोपा उपाय दोरीच्या साफईचा. चेंबरकडून लवचीक दोरी टाकून ती तोंडाकडून बाहेर ओढायची.

लाकडी दस्ता की सिंथेटिक, हा वाद या किमतीत निरर्थक आहे. ओल्या हवेत सिंथेटिक घ्या, एवढंच.

कोणता प्रकार

साध्या कार्बाइनचं वजन सव्वादोन किलो आणि पहिल्या रायफलीसाठी तीच बरोबर. टेकडाउन हा २०१२ साली आलेला प्रकार नळी आणि दस्ता असे दोन तुकडे होऊन पिशवीत मावतो. प्रवासाला सोयीचा आहे, पण स्कोप (नेमाची दुर्बीण) रिसीव्हरवर असतो आणि नळी दर वेळी काढली जाते, त्यामुळे परत जोडल्यावर नेम थोडा सरकू शकतो. जोडताना नळीजवळचं गोल नट नीट घट्ट बसवलं नाही तर हा फरक आणखी वाढतो. जाड नळीचं टार्गेट मॉडेल बाकावरून उत्तम मारतं, पण त्याचं वजन तीन किलोंच्या वर जातं आणि उभं राहून शिकणाऱ्याचे हात दहा मिनिटांत थरथरतात. कॉम्पॅक्ट प्रकारात दस्ता आखूड आहे. लहान चणीच्या माणसाने तोच बघावा. रायफल खांद्याला लावल्यावर गाल सहज दस्त्यावर टेकला पाहिजे, मान पुढे ताणावी लागता कामा नये.

बाकीच्या रायफली

मार्लिन मॉडेल ६० ही १९६० सालापासूनची जुनी प्रतिस्पर्धी. तिच्या नळीत सोळा उथळ खाचा आहेत आणि बाकावर ती अनेकदा साध्या १०/२२ पेक्षा बारीक ग्रुप देते. तिच्या नंतरच्या काळातल्या रायफलींत शेवटच्या गोळीनंतर बोल्ट उघडा राहतो, हाही मोठा गुण. पण मार्लिन आता रुगरच्या मालकीची झाली आहे आणि मॉडेल ६० चं उत्पादन थांबलेलं आहे, म्हणजे जुनीच घ्यावी लागते. मॅगझिन नळीखालच्या नळकांड्यात असतं. आतली पितळी नळी बाहेर खेचून काडतुसं एकेक टाकायची. ती नळी जराशी वाकली किंवा चेपली की काडतुसं पुढे सरकत नाहीत. रिकामी करतानाही सावध राहावं लागतं, कारण नळकांडं रिकामं दिसलं तरी वर उचलणाऱ्या पट्टीवर एखादं काडतूस राहू शकतं. पितळी नळी बाहेर काढून बोल्ट अनेकदा चालवा, मग चेंबरमध्ये बोट घालून बघा. रिसीव्हरच्या मागच्या टोकाला प्लास्टिकचा बफर असतो. जुन्या रायफलीत तो ठिसूळ होऊन तुटतो आणि बोल्ट थेट धातूवर आपटू लागतो. स्वस्त मॉडेल ६० दिसली की आधी तो बघा. नवा बफर स्वस्त असतो, दुर्लक्षामुळे फाटलेला रिसीव्हर नाही.

सॅव्हेज ६४ नवी घेतली तरी बऱ्याचदा १०/२२ पेक्षा कमी पैशांत येते. नळी चांगली आहे. दहा गोळ्यांचं सरळ मॅगझिन ही तिची दुखती बाजू. काठ अडकणं आणि ओठ वाकणं हे दोन्ही प्रकार होतात. भरताना प्रत्येक काडतूस मागच्या काडतुसाच्या काठापुढे बसतंय ना, एवढं पाहिलं तर पुष्कळ त्रास वाचतो. हात फारच आखडता असेल तर ती ठीक आहे. दुसरं मॅगझिन मात्र सोबतच घ्या.

स्मिथ अँड वेसनची एम अँड पी १५-२२ ही २००९ पासूनची पॉलिमरची रायफल हाताळायला हुबेहूब एआर (एआर-१५ घराण्यातली मोठ्या काडतुसाची रायफल) पद्धतीची आहे. सेफ्टी, मॅगझिन सोडण्याचं बटण आणि बोल्ट अडकवण्याची पट्टी सगळं तिथल्याच जागी. पुढे एआर घ्यायचीच असेल तर सरावाला हिच्यासारखी नाही. किंमत मात्र चढी आहे. तिच्या मॅगझिनला काडतुसं भरताना अंगठ्याने खाली ओढायचं बटण असतं. ते पूर्ण खाली ओढून काडतुसं ओतली की काठ एकमेकांत गुंततात. एका वेळी एका काडतुसापुरतंच खाली घ्या.

मोठ्या काडतुसाचा हट्टच असेल तर दोनच गोष्टी सांगण्याजोग्या. ५.५६ चं चेंबर असलेली रायफल .२२३ रेमिंग्टन मारू शकते. उलट करू नका, .२२३ च्या चेंबरमध्ये ५.५६ मारल्यास दाब धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतो. आणि जुनी एसकेएस (सोव्हिएत घडणीची सेमी-ऑटोमॅटिक रायफल) घेत असाल तर तिची फायरिंग पिन, म्हणजे काडतुसावर आपटून ते पेटवणारी पिन, बोल्टमध्ये मोकळी हलली पाहिजे. साठवणुकीच्या घट्ट ग्रीसने ती पुढे अडकून राहिली तर बोल्ट बंद होतानाच, चापाला बोट न लावता, गोळी सुटते. एकामागून एक सुटूही शकतात. बोल्ट खोलून पूर्ण धुतल्याशिवाय त्या रायफलीत काडतूस घालू नका.

जुनी घेताना

आधी मॅगझिन काढा, बोल्ट उघडा, चेंबर डोळ्याने आणि बोटाने तपासा. मग नळीच्या तोंडाचा काठ बघा, तो सगळीकडून सारखा आणि धारदार हवा. नळीतून उजेडाकडे पाहताना कुठे गोल काळं कडं दिसलं तर तिथे नळी फुगलेली आहे, ती रायफल सोडून द्या. चेंबरच्या काठावर फायरिंग पिनचा खळगा दिसतो का ते बघा. रिकाम्या चेंबरवर वारंवार चाप ओढल्याने तो पडतो आणि काडतूस नीट बसत नाही. १०/२२ मध्ये पिनला अडवणारा थांबा असल्याने रिकामा चाप ओढला तरी चालतं. मॉडेल ६० वर तसं करू नका, डमी काडतूस वापरा.

सेफ्टीची परीक्षा अशी. रिकामी रायफल कॉक करा (बोल्ट मागे ओढून सोडा), सेफ्टी लावा, चाप जोरात ओढून सोडा, आता चापाला हात न लावता सेफ्टी काढा. हॅमर, म्हणजे फायरिंग पिनवर आपटणारी हातोडी, पडला तर रायफल धोकादायक आहे. दुसरी परीक्षा: चाप दाबून धरा, बोल्ट मागे नेऊन सोडा, मग चाप हळूच पुढे येऊ द्या. बारीक टिक ऐकू यायला हवी आणि हॅमर उभाच राहायला हवा. तिसरी, कॉक केलेल्या रिकाम्या रायफलीचा दस्ता रबरी पट्टीवर हलकेच आपटा, हॅमर पडता कामा नये. या तिन्हींपैकी एकीतही नापास झाली तर ‘किरकोळ आहे’ हे विकणाऱ्याचं म्हणणं ऐकू नका. स्क्रूंची डोकी खाल्लेली दिसली तर आत कोणीतरी अर्धवट ज्ञानाने हात घातलेला आहे, एवढं नक्की.

काडतुसं आणि नेम

एकाच मॉडेलच्या दोन रायफलींना वेगवेगळी काडतुसं आवडतात. चार-पाच ब्रँडची पन्नास-पन्नास काडतुसं आणा, ५० यार्डांवर प्रत्येकाचे पाच-पाच गोळ्यांचे ग्रुप काढा आणि जे निवडाल त्याचा साठा करा. स्वस्त मोठ्या डब्यातल्या काडतुसांनी साध्या कार्बाइनवर दीड-दोन इंच मिळाले तर समाधान माना. सीसीआयची स्टँडर्ड व्हेलॉसिटी १०७० फूट प्रति सेकंदाने जाते, म्हणजे आवाजाच्या वेगाखालून. ती सुरुवातीपासूनच ध्वनिवेगाच्या खाली असते, म्हणून वाटेत तो उंबरठा ओलांडताना होणारी डळमळ तिला होत नाही आणि ग्रुप लहान राहतो. त्याच कंपनीची मिनी-मॅग १२३५ फूट प्रति सेकंदाची. नवी रायफल थोडी आखडलेली असते तेव्हा पहिल्या दोनशे गोळ्या मिनी-मॅगसारख्या ताकदीच्या मारा.

नेम ५० यार्डांवर बांधा. स्टँडर्ड काडतूस १०० यार्डांपर्यंत सहा-सात इंच खाली येतं, ते लक्षात ठेवून वर धरायचं. स्कोप घ्यायचा तर रिमफायरसाठी बनवलेला घ्या. साध्या स्कोपचा पॅरलॅक्स १०० यार्डांना जुळवलेला असतो, आणि ५० वर डोळा किंचित हलला की नेमही हलल्यासारखा दिसतो. स्थिर चारपटीचा स्कोप पुरतो. बेसचे चार स्क्रू अॅल्युमिनियमच्या आट्यांत जातात, त्यामुळे तेल पुसून हाताच्या बेताने घट्ट करा. जोर लावाल तर आटे निघून येतील.

लहान काडतूस म्हणून निष्काळजी राहू नका. .२२ ची गोळी दीड मैलापर्यंत जाऊ शकते आणि पाण्यावरून, दगडावरून हमखास उसळते. मागे मातीचा उंच बांध नसेल तिथे मारू नका.

अडकली तर

पुंगळी चिमणीसारखी उभी अडकली तर बहुधा काडतूस मवाळ आहे, नाहीतर चेंबरमध्ये गोळ्यांवरचं मेण आणि काजळी साचली आहे. सतत तेच होत असेल तर एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे पुंगळी बाहेर खेचणारा भाग, बघा. त्याचा आकडा बोथट झाला की पुंगळी सुटते. टिक होऊन गोळी न सुटल्यास तोंड लक्ष्याकडेच ठेवून ३० सेकंद थांबा, मग बोल्ट उघडा. रिमफायरचं स्फोटक द्रव्य काठात पसरलेलं असतं आणि एखाद्या ठिकाणी ते कमी पडू शकतं. बाहेर आलेल्या काडतुसावर पिनची खूण खोल असेल तर दोष काडतुसाचा, पुसट असेल तर बोल्टमधल्या घाणीचा किंवा स्प्रिंगचा. नेहमीपेक्षा दबका ‘फुस्स’ आवाज आला तर तिथेच थांबा. रायफल रिकामी करा आणि नळीतून गज आरपार जातो का पाहा. गोळी आत अडकलेली असताना दुसरी मारली तर नळी फुगते किंवा फाटते.

खोलणं आणि साफ करणं

दर पाचशे गोळ्यांनी चेंबर आणि बोल्टचा चेहरा पुसा. नळीच्या आत रोज घासू नका, शिशाची गोळी तिचं फारसं नुकसान करत नाही. पूर्ण खोलायचं तर: मॅगझिन काढा, चेंबर रिकामं करा, हॅमर कॉक असू द्या. नळीवरच्या कड्याचा स्क्रू सैल करून कडं पुढे सरकवा आणि मॅगझिनपुढचा मोठा स्क्रू काढा. सेफ्टीचं बटण मधोमध आणा, म्हणजे ते दोन्ही बाजूंना दस्त्यात अडकत नाही, मग नळीकडून आधी उचला. रिसीव्हरच्या दोन आडव्या पिना काढल्या की चापाचा जुडगा खाली येतो. या पिना सैल असतात आणि टेबलावरून घरंगळतात, तेव्हा खाली कापड अंथरा. मागची जाड पिन काढल्यावर बोल्ट मागे ओढून त्याची पुढची बाजू वर उचलून घ्यायची.

तेल अगदी कमी वापरा. बोल्टच्या वर आणि बाजूंना एकेक थेंब, चापात नाहीच म्हटलं तरी चालेल. जास्त तेलात काजळी मिसळून चिखल होतो आणि हिवाळ्यात बोल्ट मंदावतो. परत जोडताना हॅमर मागे नेऊनच चापाचा जुडगा बसवा, नाहीतर तो बोल्टखाली अडतो. शिशाची धूळ हातांना लागते, म्हणून काम झाल्यावर थंड पाण्याने आणि साबणाने हात धुवा, त्याआधी काही खाऊ नका.